हळदीआधी घड्याळ



सध्या महिला मंडळांच्या ग्रुपवर एक यादी फिरते आहे. डोकेदुखी आणि अर्धशिशीसाठी ‘दाह कमी करणारा आहार’. मूळ यादीत सगळ्यात वर मासे आणि लसूण. खाली ‘शाकाहारी भगिनींसाठी’ म्हणून वेगळी पुरवणी: ओल्या हळदीचा आणि आल्याचा रस मधातून, रात्री भिजवलेले अंजीर, मशरूमचं सूप, ब्लूबेरी, अव्होकॅडो. मग आपल्यातल्याच कुणीतरी त्यातले कंद, मध, मशरूम आणि उदुंबर फळांच्या पंगतीतला अंजीर काढून टाकला, उरलेल्याला ‘जैन यादी’ असं नाव दिलं आणि शेवटी हळदीच्या कॅप्सूल कुठे मिळतील त्याचा नंबर जोडला.

या यादीचा मला राग येतो. त्यातले पदार्थ वाईट आहेत असं नाही. पण आपल्यातल्या कितीतरी जणींचं डोकं काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं नाही यामुळे दुखतं, आणि त्याबद्दल यादीत एक ओळ नाही. बाई सकाळी अकरापर्यंत उपाशी राहिली तरी चालेल, तिने फक्त ब्लूबेरी आणावी! असा सल्ला विकणाऱ्याला परवडतो. आपल्याला परवडत नाही.

मी डॉक्टर नाही, कॉमर्सवाली आहे. म्हणून यादीतल्या एकेका नोंदीचा हिशोब मांडते.

पहिली नोंद हळदीची. आमच्या सांगलीच्या बाजारात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या बघत मी म्हातारी झाले, तेव्हा हळदीचा अभिमान मला शिकवायला नको. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते या गोष्टीचं पेटंट दिलं गेलं होतं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. ते योग्यच झालं. पण ते भांडण जखमेचं होतं, डोकेदुखीचं नव्हे. हळदीत ज्याचा गवगवा होतो ते कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. म्हणजे चमचाभर, तीन ग्रॅम हळदीत शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातलंही अंगी फार थोडं लागतं. प्रयोगांत देतात ते त्याच्या कित्येक पट आणि अर्काच्या रूपात. हळदीचं दूध प्या, घशाला बरं वाटेल, झोप चांगली लागेल. पण ‘हळद चालू केली आहे, आता बघू’ म्हणत सहा महिने डॉक्टरांकडे जायचं टाळणार असाल, तर ते दूध महाग पडलं.

दुसरी नोंद आल्याची. इथे एक गंमत आहे. यादीवाले सांगतात की कांदा, लसूण, आलं वर्ज्य असल्यामुळे जैन बायकांचा आहारच अपुरा. इराणमध्ये अर्धशिशीच्या शंभर रुग्णांवर एक तुलना झाली होती, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. कळ सुरू झाल्यावर निम्म्यांना नेहमीचं औषध दिलं, निम्म्यांना आल्याची भुकटी. दोन तासांनी दोन्हीकडे आराम जवळजवळ सारखा. आता आल्याची वाळलेली भुकटी म्हणजे काय? सुंठ! जी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालते. ओलं आलं कंद म्हणून वर्ज्य आणि वाळलेली सुंठ ग्राह्य, हा आपला नियम पाळून तेच मिळतं. पण याचीही पुढची बाजू सांगते, नाहीतर मीही यादीवालीच ठरेन. ब्राझीलमध्ये नंतर तीन महिने रोज आल्याचा कोरडा अर्क देऊन पाहिला, की कळ येण्याचंच प्रमाण कमी होतं का. खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे कळ येताना चिमूटभर सुंठ गरम पाण्यातून घ्या, मळमळीला तरी आराम पडेल. कळ येऊच नये म्हणून रोज सुंठीचे लाडू खाण्यात मात्र अर्थ नाही.

तिसरी नोंद माशांची. या यादीत ज्याला खरोखर थोडा आधार आहे ती हीच, आणि तीच आपल्यासाठी बंद आहे. अमेरिकेत अर्धशिशी असलेल्या १८२ जणांवर सोळा आठवड्यांचा आहाराचा प्रयोग झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जेवणात माशांतलं ओमेगा-३ वाढवलं आणि सोबत सूर्यफूल, मका, सोयाबीन अशा तेलांतलं लिनोलेइक आम्ल कमी केलं, त्यांचे डोकेदुखीचे दिवस तुलनेच्या गटापेक्षा महिन्याला सुमारे चारने कमी झाले. नुसतं ओमेगा-३ वाढवलं त्यांचे दोनने. आता लगेच कुणी म्हणेल, मासे नाहीत तर जवस खा. खा ना! जवसाची चटणी आपल्या भाकरीवर आजीच्या काळापासून आहे. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं आहे आणि शरीर त्यातलं फार थोडं माशातल्या प्रकारात बदलतं. शेवाळापासून केलेल्या कॅप्सूल मिळतात, पण शेवाळ अनंतकायात येतं, शिवाय कॅप्सूलचं वेष्टन बऱ्याचदा जिलेटिनचं असतं. तेव्हा हा रस्ता आपण आपल्या मर्जीने सोडला आहे. त्याची खंत नको आणि ‘जवसाने तेच होतं’ अशी खोटी समजूतही नको. नुसतं तेल बदललं आणि मासे दिले नाहीत असा गट त्या प्रयोगात नव्हता, म्हणून घरातला तेलाचा डबा उद्याच फेकून देऊ नका. तळणं कमी करा, एवढं पुष्कळ आहे. पुडीवर ‘जैन’ असं छापलं म्हणून फरसाणातलं तेल आणि मीठ धर्म पाळत नाही.

आता येते खऱ्या मुद्द्यावर.

डिसेंबरच्या शेवटी आपल्या सांगली-कोल्हापूरकडे सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो. रात्रीभोजनाचा त्याग काटेकोर पाळणारी बाई दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, सव्वापाच-साडेपाचला जेवण आटोपते. दुसऱ्या दिवशी तिचा क्रम काय असतो? स्नान, मंदिर, अभिषेक, पूजन. घरी येऊन मुलांचे डबे, यजमानांचा नाश्ता, सासूबाईंचं पथ्य, कामवालीची वाट बघणं, आणि मध्ये रिकाम्या पोटी दोन कप चहा. स्वतः जेवायला बसते तेव्हा अकरा वाजलेले असतात. बेरीज करा. साडेपाच ते अकरा, साडेसतरा तास. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘उपवासाची डोकेदुखी’ असा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यासाठी आठ तास अन्नाशिवाय गेलेले पुरतात. सगळ्याच बायकांचं डोकं तेवढ्याने दुखत नाही. पण जिला अर्धशिशी आहे तिच्यासाठी जेवण चुकणं ही कळीची ओळखीची वाट आहे, हे कोणताही डॉक्टर सांगेल. आणि अर्धशिशी बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळते.

इथे घरात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आपला धर्मच कडक, त्याला काय करणार?’ हे वाक्य मला मान्य नाही. धर्म काय म्हणतो ते नीट बघा. सूर्योदयानंतर दोन घटका झाल्या की जेवण खुलं. श्वेतांबर भगिनी याच वेळेला नवकारशी म्हणतात. म्हणजे ऐन हिवाळ्यातसुद्धा पावणेआठ-आठला धर्माने तुमच्यापुढे ताट ठेवलेलं आहे. ते आठवरून अकरावर कुणी नेलं? धर्माने नाही. ते घराच्या वहिवाटीने नेलं. सगळ्यांचं झाल्यावर बाईने बसायचं, ही वहिवाट कुठल्याही व्रतात लिहिलेली नाही. चौका लावला असेल, मुनिमहाराजांचा आहार व्हायचा असेल, त्या दिवसाची गोष्ट वेगळी. तो आनंदाने पत्करलेला दिवस आहे. पण वर्षात असे दिवस किती? बाकीच्या दिवसांची उपासमार व्रताच्या खात्यावर मांडू नका. खतावणीत चुकीच्या खात्याला नोंद गेली की ताळेबंद कधीच जुळत नाही.

दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीही आहेत. त्या म्हणतात, ‘बघा, आपला चौविहार म्हणजेच इंटरमिटंट फास्टिंग. अमेरिकेनेही मान्य केलं!’ अहो, आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही ते जीवदयेसाठी. त्याला वजन कमी करणाऱ्यांच्या प्रमाणपत्राची गरज कधीपासून लागली? आणि औषध म्हणूनच मिरवायचं असेल तर हेही ऐका, की जेवणातलं लांब अंतर अर्धशिशीवाल्या बाईला सोसेलच असं नाही. व्रत व्रत म्हणून पाळा. त्याच्या नावाखाली डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नका.

मग उपवासांचं काय? पर्युषणात, दशलक्षणात काय करायचं? उपवास सोडा असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ ही एक भावना आहे ना? त्यातला ‘शक्ती’ हा शब्द तपाइतकाच महत्त्वाचा. श्वेतांबर परंपरेत पच्चक्खाण घेताना आजारपणासाठीची सवलत शब्दांतच घातलेली असते. ज्यांनी नियम केले त्यांना शरीर कळत होतं. बाह्य तपांत अनशन पहिलं आहे, पण अवमौदर्य आणि रसपरित्यागही त्याच रांगेत आहेत. जिला दर उपवासाला उलट्या होईपर्यंत डोकं दुखतं, तिने वेळेवर एकासन केलं, तूप-साखर सोडली, तर तिचं तप कमी झालं असं कोण ठरवणार? शेजारची आक्का? तिच्या अठ्ठाईची अनुमोदना करा, तुलना करू नका.

उपवासाच्या डोकेदुखीत चहाचा हात किती, हेही बघायला हवं. रोज चार-पाच कप चहा घेणारी बाई अचानक चहा सोडते. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं आणि ती म्हणते, ‘उपवास बाधला.’ तो चहा सोडल्याचा त्रास असू शकतो. पर्वाच्या आठ-दहा दिवस आधीपासून एकेक कप कमी करत आणा. फुकटचा उपाय आहे, म्हणूनच कुठल्या यादीत सापडत नाही.

पाण्याचंही तसंच. उकळून गार केलेलं पाणी हाताशी नसतं, संध्याकाळनंतर प्यायचं नसतं, म्हणून दिवसाही पाणी राहून जातं. सकाळीच आपल्या नावाचा वेगळा तांब्या भरून ठेवा आणि सूर्यास्तापर्यंत तो दोन-तीनदा रिकामा झाला का बघा.

आता गोळ्यांबद्दल. आपल्यात कुणी कांद्याचा कण ताटात येऊ देत नाही, पण पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी कायम. मेडिकलवाला विचारतही नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं मिसळलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होऊ शकते. याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. अशा वेळी कितीही अक्रोड खा, फरक पडणार नाही. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कराव्या लागतात.

म्हणून माझी विनंती यादीची नाही, रोजकीर्दीची आहे. एक जुनी वही घ्या. रोज आठ रकाने: तारीख, काल संध्याकाळी शेवटचं जेवण किती वाजता, आज पहिलं जेवण किती वाजता, चहाचे कप, पाण्याचे तांबे, झोप किती तास, डोकं दुखलं तर कधी सुरू झालं, गोळी कोणती घेतली. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी ते दिवसही खुणेने दाखवावे. दोन महिने भरा. मग स्वतःच बेरीज करा. कुणाला दिसेल की सोमवारचं डोकं रविवारच्या जागरणाचं आहे. कुणाला दिसेल की कळ नेहमी जेवण लांबलेल्या दिवशीच येते. कुणाला एखादा पदार्थ सापडेल, आणि तोही एकदाच्या नोंदीवरून नव्हे, चार-पाचदा तसं घडल्यावर. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या. ‘सारखं दुखतं हो’ या वाक्यापेक्षा तिचा त्यांना शंभर पट उपयोग होईल.

आणि खायचं काय? तेही सांगते, सगळं आपल्याच घरातलं. आठच्या आत ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, मुगाचं वरण किंवा मटकीची उसळ, वर तिळाची किंवा जवसाची चटणी. नाचणीची आंबील, राजगिरा, लाल भोपळ्याच्या बिया. या सगळ्यांत मॅग्नेशियम चांगलं असतं, आणि अर्धशिशी वारंवार येणाऱ्यांना डॉक्टर पुष्कळदा मॅग्नेशियमच देतात. आवळा, डाळिंब, मोसंबी. चातुर्मासात पालेभाज्या बंद असतात तेव्हा शेंगा, दोडका, दुधी, पडवळ. ब्लूबेरीवाचून काहीही अडत नाही. रक्त मात्र तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तरी डोकं दुखतं. आपल्या आहारात बी-१२ कमी पडतं, तेही त्याच वेळी बघून घ्या. कमतरता निघाली तर लोह आणि बी-१२ डॉक्टर सांगतील तसं घ्या, आणि गोळी-कॅप्सूल कशाची आहे हेही त्यांनाच विचारा.

शेवटी माझ्या वयाच्या मैत्रिणींसाठी. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, कानशिलाला हात लावला तरी दुखणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं, नजर अंधुक होणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार असतो. आपल्याकडे तो कमी दिसतो, पण त्यात दृष्टी जाऊ शकते. अचानक, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं, ताप आणि मान आखडणं असेल, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, तरीही तेच. त्या रक्तवाहिनीच्या आजारात दाह खराखुरा असतो, आणि त्यावर हळद चालत नाही. तिथे तासांचा हिशोब असतो.

आता कुणी म्हणेल, ‘काकू, एवढं सगळं बोललात, पण घरात ऐकणार कोण?’ मला वाटतं, विचारण्याआधीच आपण गप्प बसतो. मुलाचा डबा साडेसातला तयार होतो, यजमानांचा आठला. त्याच कणकेची, त्याच तव्यावरची एक भाकरी आपल्या ताटात आठला पडली तर स्वयंपाकघर बंद पडत नाही. सूनबाई असेल तर तिला आज सांगा, ‘अगं, तू आधी खाऊन घे, मग डबे भर.’ सासूबाई असतील तर त्यांच्यासोबतच बसा. त्यांनाही अकरापर्यंत थांबायची सवय कुणीतरी लावलेलीच आहे. यंदा पर्व सुरू होण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि मंदिराच्या वेळा ठरवता तशा घरातल्या बायकांच्या जेवणाच्याही ठरवा. भिंतीवर लिहून लावा. आणि ती फिरणारी यादी पुन्हा आली की ग्रुपवर एवढंच विचारा: ‘ताई, आज तू किती वाजता जेवलीस?’